निवांत किनारा आणि रिकामे घर

झाशीहून कोकणात सुट्टी घालविण्याचा बेत आखणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस झाशीस थांबते आणि भोपाळ, भुसावळ, कल्याण, पनवेल असा वळसा घेऊन प्रवाशाला रत्नागिरीस आणून सोडते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली, तेव्हापासून ही सोय झाली. मे महिन्यात बुंदेलखंडात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास पोहोचला, की झाशीतील मराठी घरांतून समुद्राची आठवण निघते. परंतु कोकणाला ‘विश्रांतीचे ठिकाण’ मानण्याची ही दृष्टी किती अर्वाचीन आहे, याचा विचार सहसा केला जात नाही. तो करावयाचा, तर याच वाटेने उलट दिशेला गेलेल्या माणसांकडे पाहावयास हवे.

झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरीकडील, लांज्याजवळच्या कोट गावचे. तेथून ते खानदेशात पारोळ्यास आणि पेशवाईच्या उत्तरकाळात झाशीच्या सुभेदारीवर आले. त्यांच्या मागोमाग भिक्षुक, कारकून, आश्रित असा मराठी समाज बुंदेलखंडात स्थिरावला. झाशीतील महालक्ष्मीचे देऊळ आणि १८४२ साली ज्या मंदिरात लक्ष्मीबाईंचा विवाह झाला ते गणेश मंदिर या समाजाच्या खुणा आजही मिरवीत आहेत. देव बरोबर आले, समुद्र मात्र मागे राहिला.

या स्थलांतराचे सर्वांत बोलके साक्षीदार म्हणजे विष्णुभट गोडसे. पेणजवळचे वरसई हे त्यांचे गाव. १८५७ साली ते आपले चुलते रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले, ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरात दारिद्र्य होते, डोक्यावर कर्ज होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून त्यात दानधर्म होणार आहे, अशी वार्ता कानी आली होती. त्यांचाही एक बेतच होता: जावे, दक्षिणा मिळवावी, कर्ज फेडावे आणि परत यावे. हा बेत महूच्या वाटेवर बंडाच्या वावटळीत सापडला. पुढे ते झाशीस पोहोचले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमधील ह्यू रोजचा वेढा, शहराचा पाडाव, त्यानंतरची कत्तल व लूट त्यांनी आतून पाहिली. मिळविलेले द्रव्य लुटीत गेले. अखेर घरी आले, तेव्हा बरोबर होती ती आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेली गंगाजलाची कावड.

‘माझा प्रवास’ हा ग्रंथ भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, संस्कार करून प्रसिद्ध केला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ साली वाचकांसमोर आली. समीक्षकांनी त्यातील राणीच्या चित्रणाची आणि युद्धवर्णनाची पुष्कळ चर्चा केली आहे, व ती योग्यच आहे. पण या ग्रंथाची चौकट कोकणातील घराची आहे, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची. आरंभी घर सोडण्याची निकड आहे, शेवटी घरी परतण्याचे समाधान आहे. मधला सारा इतिहास या दोन टोकांच्या बेचक्यात घडतो. वरसई हे गोडसे यांच्या लेखी निसर्गरम्य स्थळ नाही. ते कर्तव्याचे ठिकाण आहे. विसावा तेथे असलाच, तर तो ऋण फिटल्यानंतरचा.

येथे आपण ज्याला कोकणचा निवांतपणा म्हणतो, त्याच्या मुळाशी येतो. खाचरांची तुटपुंजी जमीन आणि वाढते कुटुंब यांचा मेळ बसेना, म्हणून कोकणाने आपली माणसे सतत बाहेर पाठविली: आधी पुणे-सातारा, मग इंदूर-ग्वाल्हेर-झाशी, आणि गिरण्या निघाल्यावर मुंबई. ‘चाकरमानी’ हा शब्द त्या भूमीनेच घडविला. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे १६.९७ लाख होती; २०११ च्या जनगणनेत ती १६.१५ लाखांवर उतरली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. पाहुण्यास जी शांतता सुखावते, तिच्यात कुलूपबंद घरांचा आणि वाट पाहणाऱ्या वृद्धांचा वाटा मोठा आहे.

याचा अर्थ सुट्टीसाठी कोकणात जाऊच नये, असा नाही. पण बेत आखताना गावाचे पंचांग आपल्या पंचांगाहून वेगळे आहे, याचे भान असावे. फाल्गुनात शिमग्याची पालखी घरोघर येते, भाद्रपदात गणपतीसाठी चाकरमानी परततात. त्या दिवसांत गाव निवांत नसते, भरलेले असते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि खाचरांत लावणीची घाई असते. ‘आठ दिवसांत दहा स्थळे’ या हिशेबाने निघालेल्यास यांपैकी काहीच दिसत नाही. एका गावात, एका घरी, चार दिवस राहावे. यजमानाची मुले कोठे असतात, हे विचारावे. उत्तर बहुधा एखाद्या दूरच्या शहराचे नाव असेल.

झाशीच्या मराठी माणसाला तर हा प्रश्न परका नाही. त्याचा कोणी पूर्वज असाच एखादे घर मागे ठेवून निघाला होता. गोडसे परत गेले. बहुतेक जण गेले नाहीत. त्यांच्या वंशजाने दोनशे वर्षांनी त्या किनाऱ्यावर पाहुणा म्हणून उतरावे, खोलीचे भाडे द्यावे आणि समुद्राकडे पाहत बसावे, यात गैर काही नाही. मात्र ज्या शांततेचा तो उपभोग घेतो, ती निर्माण होण्यात आपल्याही घराण्याच्या जाण्याचा हातभार आहे, एवढे त्याने मनाशी बाळगावे. इतिहासाचे ऋण गोडसे यांनी कावडीने फेडले; आपल्याकडून निदान त्याची ओळख तरी अपेक्षित आहे.