जॉगिंग सुरू केलं आणि गुडघा दुखायला लागला, आता धावणं सोडायचं का?

पावसाळा ओसरला की वसई-विरारमध्ये पहाटे धावणारे अचानक वाढतात. राजोडी-अर्नाळ्याचा किनारा असो की वसई किल्ल्याकडचा रस्ता, नवेकोरे शूज दिसतातच. बऱ्याच जणांच्या डोक्यात महापालिकेची मॅरेथॉन असते. २०११ साली सुरू झालेली ही स्पर्धा डिसेंबरात होते आणि त्यात ४२ आणि २१ किलोमीटरच्या शर्यती असतात. ऑक्टोबरात उत्साहाने सुरुवात होते आणि तीन-चार आठवड्यांत स्टेशनच्या पुलाचा जिना उतरताना गुडघ्यात कळ येते.

मग घरचे सुरू होतात, "सांगितलं होतं ना, गुडघे झिजतील!"

खरंच झिजतात का? २०१७ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याची किंवा खुब्याची सांधेझीज होती, तर न धावणाऱ्या, बैठी जीवनशैली असलेल्यांमध्ये हेच प्रमाण १०.२ टक्के होतं. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते १३.३ टक्के निघालं. यावरून धावल्यामुळेच गुडघे वाचतात असं सिद्ध होत नाही, पण हौशी धावण्याने गुडघे जातात ही भीतीही टिकत नाही.

मग दुखतं कशामुळे?

बहुतेक वेळा घाईमुळे. दम महिनाभरात वाढतो, पण स्नायूबंध आणि हाडांना नव्या भाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे आपल्याला पाच किलोमीटर सहज वाटतात, गुडघ्याला नाही.

दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा. वाटीच्या मागे किंवा भोवती दुखत असेल, जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना वाढत असेल, तर तो बहुधा 'रनर्स नी'. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठराविक अंतरानंतर टोचायला लागलं तर मांडीच्या बाहेरून खाली येणाऱ्या जाड पट्ट्याचा त्रास असू शकतो. वाटीच्या अगदी खाली दुखत असेल तर तिथला स्नायूबंध.

आता काय करायचं? पूर्ण झोपून राहायची गरज सहसा नसते. अंतर निम्म्यावर आणा, एक दिवस आड धावा, मध्ये मध्ये चाला. दुखण्याला दहापैकी गुण द्या. धावताना तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसेल, तर चालू शकतं. त्यापुढे गेलं तर थांबा. पावलं थोडी छोटी आणि जलद टाकली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो. बर्फाने बरं वाटतं, पण मूळ कारण तसंच राहतं.

खरा इलाज म्हणजे मांडीचे आणि खुब्याचे स्नायू मजबूत करणं, आणि नेमका तोच आपण टाळतो, कारण तो कंटाळवाणा आहे. पाठीवर झोपून सरळ पाय उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं. आठवड्यातून तीन वेळा, निदान सहा ते बारा आठवडे. म्हणजे ऑक्टोबरात दुखायला लागलं असेल तर डिसेंबरातली २१ किलोमीटर विसरलेलीच बरी, छोटी शर्यत असेल तर ती बघा.

आपल्या भागातल्या दोन सवयीही सांभाळा. रविवारी जीवदानीच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढून 'व्यायाम' करणारे खूप आहेत. दुखऱ्या वाटीला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं, त्यामुळे सध्या दर्शनाला रोपवेने जा. आणि ओल्या वाळूला समुद्राकडे उतार असतो. एकाच दिशेने धावत राहिलात तर एका पायावर सतत जास्त ताण येतो.

गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला, पाय टेकवेना, रात्री झोपेतही दुखू लागलं किंवा सोबत ताप आला, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. आणि वेदनाशामक गोळी घेऊन धावायला निघू नका. थांब म्हणून सांगणारी कळच तुम्ही बंद करून टाकलेली असते.