चौदा आकड्यांवर अडलेली असमानता

कोणत्याही तीन धन संख्या घ्या. प्रत्येकीला उरलेल्या दोघींच्या बेरजेने भागा आणि तिन्ही भागाकार मिळवा. १, २, ३ घेतल्या तर १/५, २/४ आणि ३/३, एकूण १.७. काहीही घ्या, उत्तर दीडच्या खाली जात नाही. हे कोडे नेस्बिट यांनी १९०३ साली लंडनच्या 'एज्युकेशनल टाइम्स'मध्ये घातले. सिद्धता अगदी छोटी आहे: प्रत्येक भागाकारात एक मिळवला की तिन्ही अंश सारखे होतात, एकूण बेरजेइतके. गाठ तिथेच सुटते. ऑलिंपियाडची तयारी करणारी मुले आजही यावर हात बसवतात.

१९५४ मध्ये हॅरॉल्ड शापिरो यांनी 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त तोच धागा लांबवला. संख्या गोलाकार मांडा आणि प्रत्येकीला तिच्या पुढच्या दोघींच्या बेरजेने भागा. जितक्या संख्या, त्याच्या निम्म्याहून एकूण बेरीज कमी होणार नाही ना? चार, पाच, सहा संख्यांना नियम चोख लागू पडतो. पुढेही पडेल असे कुणालाही वाटावे.

पण १९५६ मध्ये लाइटहिल यांनी वीस संख्यांवर तो मोडून दाखवला. हा माणूस मुळात जेट विमानांच्या आवाजाचे गणित मांडणारा! १९५८ मध्ये त्सुलाउफ यांनी मोड चौदावर आणली. नेमकी हद्द ठरायला मात्र तीस वर्षे गेली. संख्यांची मोजणी सम असेल तर नियम बारापर्यंत टिकतो, हे १९७६ मध्ये सिद्ध झाले. मोजणी विषम असेल तर तेवीसपर्यंत, हे १९८९ मध्ये.

मग बेरीज किती घसरू शकते? हा प्रश्न १९७१ मध्ये द्रिन्फेल्ड या खारकिव्हच्या मुलाने निकालात काढला. त्याचा जन्म १९५४ चा, म्हणजे तो आणि शापिरोंचा प्रश्न एकाच वयाचे. दोन वक्रांना त्याने एक सामाईक स्पर्शिका काढली. ती उभ्या अक्षाला सुमारे ०.९८९ वर छेदते. बेरीज निम्म्याच्या तेवढ्या पटीखाली कधीच जात नाही. पुढे १९९० मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळाले, ते अर्थात वेगळ्या कामासाठी. मला मात्र त्याची ही स्पर्शिकाच जास्त देखणी वाटते.

चौदाची मोड स्वतः तपासायची असेल तर कॅल्क्युलेटर घ्या आणि ही रांग गोलाकार मांडा: ०, ४२, २, ४२, ४, ४१, ५, ३९, ४, ३८, २, ३८, ०, ४०. शून्ये चालतात, कारण छेद कुठेच शून्य होत नाही. बेरीज किमान ७ हवी, येते ६.९९९९९५. दोनच दशांश स्थळे ठेवलीत, तर मोड दिसणारच नाही.