कातळावरचे पट आणि हरवलेले नियम

खेळाची आखणी टिकते आणि नियम हरवतात, ही खेळांच्या इतिहासातील मूळ अडचण होय. आखणी दगडात, लाकडात किंवा कापडावर उतरलेली असते. नियम मात्र खेळणाऱ्यांच्या तोंडी आणि हाताच्या सवयीत असतात, त्यामुळे खेळणारी पिढी संपली की तेही तिच्याबरोबर जातात. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम सीमेवरील नाणेघाटात कातळावर कोरलेले जे पटखेळ आढळतात, त्यांच्या अभ्यासात ही अडचण विशेष ठळकपणे समोर येते. पटखेळ म्हणजे आखलेल्या घरांवर, रेघांवर किंवा खळग्यांत सोंगट्या, खडे अथवा बिया मांडून खेळायचा बैठा खेळ. त्याची दृश्य आखणी पाहून अदृश्य नियमांचा अंदाज कसा बांधावा, आणि त्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढून घाटमाथ्यावर येई आणि जुन्नरमार्गे पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे जाई. या चढाच्या माथ्याशी सातवाहनांच्या काळात कोरलेले एक लेणे आहे. ते चौकोनी दालनाचे असून भिंतींवरील ब्राह्मी लिपीतील लेखात नागनिका राणीच्या घराण्याने केलेले यज्ञ आणि त्या प्रसंगी दिलेली कार्षापणे (त्या काळची नाणी), गायी, घोडे, हत्ती यांची दाने नोंदवलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम साइक्स यांनी या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे वाचन केले, आणि अंकांच्या खुणा असलेल्या भारतातील अत्यंत प्राचीन लेखांत त्याची गणना होऊ लागली.

याच लेण्यात अंदाजाने वाचाव्या लागणाऱ्या आणखी एका अवशेषाचे उदाहरण आहे. मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या नष्ट झाल्या असून वरच्या बाजूला कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका इत्यादींची नावे आणि खाली पावलांच्या काही खुणा एवढेच शिल्लक आहे. नाव आणि पाऊल यांच्यामधली आकृती पाहणाऱ्याने मनात भरून काढायची असते. घाटाच्या तोंडाशी असलेल्या प्रचंड दगडी रांजणाचेही तसेच आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणात टाकली जाई आणि त्यावरूनच घाटाला नाव पडले, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु रांजणाचा आकार केवळ त्यात काही साठवता येत होते एवढेच सांगतो, ते नाणे होते की चढून दमलेल्या माणसांसाठी पाणी होते, हे तो सांगत नाही. वस्तूच्या रूपावरून तिचा उपयोग ठरवण्याची मनाची ओढ किती प्रबळ असते, याचा हा रांजण म्हणजे उत्तम नमुना आहे.

कोरीव पटांपैकी सर्वात सहज ओळखू येणारा प्रकार म्हणजे समांतर ओळींत कोरलेल्या वाटीएवढ्या खळग्यांचा, ज्याला अभ्यासक ‘मंकला’ या जागतिक नावाने ओळखतात. एका खळग्यातील बिया उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचे, म्हणजे जणू पेरणी करायची, आणि शेवटची बी कोठे पडते त्यावर काय जिंकले ते ठरवायचे, असे या खेळकुळाचे सामान्य स्वरूप आहे. तमिळनाडूत तो पल्लांगुळी या नावाने सात-सात खळग्यांच्या दोन ओळींत खेळला जातो, तर पूर्व आफ्रिकेत चार ओळींचे पटही प्रचलित आहेत. कातळावरील खळग्यांची मोजणी केली तर ओळी किती आणि घरे किती हे कळते. मात्र प्रत्येक घरात आरंभी किती चिंचोके ठेवायचे, पेरणी कोणत्या दिशेने करायची, रिकाम्या घरापुढचा ऐवज उचलायचा की नाही, आणि डाव केव्हा संपला असे मानायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दगड देत नाही. कोकणातील बंदरांचा आफ्रिकेच्या किनाऱ्याशी असलेला जुना व्यापार ध्यानात घेऊन हे खेळ समुद्रमार्गे आले किंवा गेले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पटाचे वय ठरल्याशिवाय अशा प्रवासाची दिशा ठरवता येत नाही.

रेघांचे पट याहून अधिक फसवे असतात. एकात एक असे तीन चौकोन आणि त्यांच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेघा, ही आखणी महाराष्ट्रात ‘नवकंकरी’ या नावाने ओळखली जाते. तिच्यावर चोवीस जागा असतात, प्रत्येक खेळाडू नऊ खडे घेतो, आणि तीन खडे एका रेघेत आले की प्रतिपक्षाचा एक खडा उचलला जातो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की नऊ ही संख्या पटावर कोठेही दिसत नाही. ती केवळ नावात टिकली आहे, आणि नाव विसरले गेले असते तर ती पटावरून कोणालाही काढता आली नसती. पाच आडव्या, पाच उभ्या आणि काही तिरप्या रेघांच्या पटावर तर दोन अगदी वेगळे खेळ खेळता येतात: एकात दोन्ही बाजूंचे सैन्य सारखे असते, तर वाघ-बकरीसारख्या दुसऱ्यात एका बाजूला थोडे वाघ आणि दुसऱ्या बाजूला पुष्कळ बकऱ्या असतात, वाघ उडी मारून बकरी खातो आणि बकऱ्या एकजुटीने वाघाची कोंडी करतात. ही विषमता खेळाचा प्राण असूनही आखणीत तिची खूण उमटत नाही.

या कारणाने अभ्यासकाला नियमांकडे वळण्यापूर्वीच काही प्राथमिक शंका फेडून घ्याव्या लागतात. एकटा खोल खळगा हे उखळ असू शकते, कडेच्या खळग्यांची रांग मांडवाच्या खांबांसाठी असू शकते, आणि काही खळगे पूजाविधीचेही असू शकतात. आखणी उभ्या भिंतीवर असेल तर तिच्यावर खडे ठरणारच नाहीत, तेव्हा ती खेळण्यासाठी नसून शोभेची वा सांकेतिक होती, अथवा तो दगड मुळात आडवा असून नंतर हलवला गेला, असे मानावे लागते. दोन माणसे समोरासमोर बसू शकतील एवढी जागा पटाभोवती आहे का, आणि खळग्यांची कड बोटांच्या वावराने गुळगुळीत झाली आहे का, हेही पाहावे लागते. वयाचा प्रश्न सर्वात कठीण आहे, कारण लेणे सातवाहनकालीन असले तरी त्यातील पट त्यानंतरच्या कोणत्याही शतकात कोरलेला असू शकतो: तो कोरणारा तांड्याबरोबरचा व्यापारी असेल, जकातीच्या नाक्यावरचा शिपाई असेल, किंवा पावसाळ्यात गुरे घेऊन आडोशाला बसलेला गुराखीही असेल.

आखणीवरून नियम ओळखण्याच्या पद्धतीची मर्यादा तपासायची तर ज्या खेळाचे मैदान आणि नियम दोन्ही माहीत आहेत असा जिवंत खेळ घेणे उपयोगी ठरते, आणि जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत तो बैलगाडा शर्यतीच्या रूपाने उपलब्ध आहे. या भागातील यात्रांमध्ये गाडे जेथे पळवतात त्या चढाच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात, आणि गावोगावी असे घाट बांधलेले आहेत. उद्या हा खेळ विस्मरणात गेला आणि केवळ घाट उरला, तर पाहणाऱ्याला चढ, रुंदी आणि कडेची प्रेक्षकांची जागा दिसेल, आणि अनेक गाडे एकाच वेळी शेजारी-शेजारी पळत असावेत असा तर्क तो बहुधा करील. प्रत्यक्षात येथे एका वेळी एकच गाडा पळतो, त्याच्या पाळीला ‘बारी’ म्हणतात, गाड्याला चार बैल जुंपलेले असतात, पुढे घोडीस्वार असतो, आणि निकाल घड्याळाच्या सेकंदांवर लागतो. सर्वात कमी वेळात घाट चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हटले जाते. स्पर्धा शेजारच्या गाड्याशी नसून वेळेशी आहे, हा या खेळाचा सर्वात महत्त्वाचा नियम मैदानावर कोठेही कोरलेला नाही.

याच शर्यतीचा अलीकडचा इतिहास आणखी एक गोष्ट शिकवतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्यातील दुरुस्ती वैध ठरवली. बंदीपूर्वीचा घाट आणि नंतरचा घाट दिसायला एकच असला तरी बैलांना मारहाण वा इजा न करण्याच्या कायदेशीर अटींमुळे खेळाची वागणूक पूर्वीसारखी राहिली नाही. एकाच आखणीवर काळानुसार वेगवेगळे नियम नांदू शकतात हे येथे जर अवघ्या काही वर्षांत दिसते, तर दोन हजार वर्षांच्या कातळाबाबत एकच एक नियमसंच गृहीत धरणे किती धाडसाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

जेथे पट मुका असतो तेथे ग्रंथाचा आधार घेतला जातो. तथापि ग्रंथही पुरते बोलत नाहीत. नाणेघाटातील लेखाच्या यज्ञयादीत राजसूयाचाही समावेश मानला जातो, आणि राजसूयात द्यूत हा विधीचाच भाग असे. वैदिक द्यूतात चौकोनी फासे नसून विभीदकाची, म्हणजे बेहड्याची, फळे वापरली जात. हिरड्याप्रमाणेच बेहडाही सह्याद्रीच्या जंगलातील परिचित वृक्ष आहे. जर्मन विद्वान हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०७ मध्ये विखुरलेल्या उल्लेखांवरून या खेळाची मांडणी केली: फळांची संख्या चारने भागून शेष उरला नाही तर ‘कृत’, तीन उरले तर ‘त्रेता’, दोन उरले तर ‘द्वापर’ आणि एक उरला तर ‘कली’. मात्र ऋग्वेदातील अक्षसूक्तात फळांच्या संख्येसाठी आलेल्या शब्दाचा अर्थ त्रेपन्न करावा की तीन वेळा पन्नास म्हणजे दीडशे करावा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शब्द हाती असूनही मोजणीच संदिग्ध राहते, तर नुसत्या खळग्यांची काय कथा!

बौद्ध ग्रंथांची साक्ष जुन्नरच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी येथील डोंगरांत कोरलेली बहुसंख्य लेणी बौद्ध आहेत. पाली भाषेतील ब्रह्मजाल सुत्तात बुद्ध ज्यांपासून दूर राहतो अशा खेळांची यादी असून तीत आठ घरांच्या ओळींचा ‘अट्ठपद’, दहा घरांच्या ओळींचा ‘दसपद’ आणि हवेत पट कल्पून खेळायचा ‘आकास’ यांचा उल्लेख आहे. बौद्ध लेण्यात पट सापडला म्हणजे भिक्षू खेळत होते, असे यावरून म्हणता येत नाही, आणि निषेध आहे म्हणजे कोणीच खेळत नव्हते, असेही म्हणता येत नाही. ‘आकास’ तर इतिहासकाराला कायमचाच निसटलेला खेळ आहे, कारण त्याचा पटच खेळाडूच्या डोक्यात होता.

नियम सापडले तरी प्रश्न संपत नाही, हे इराकमधील ऊर येथील पटावरून दिसते. लेनर्ड वूली यांनी १९२० च्या दशकात उत्खननात काढलेले हे पट सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांच्याशी संबंधित नियम ब्रिटिश म्युझियममधील अर्विंग फिंकेल यांनी एका मातीच्या लेखपट्टिकेवरून वाचले, पण ती पट्टिका इसवी सनपूर्व १७७ मधील, म्हणजे पटाहून दोन हजारांहून अधिक वर्षे नंतरची आहे. महाराष्ट्रातही औरंगाबादच्या हरिकृष्ण या पंडिताने एकोणिसाव्या शतकात ‘क्रीडाकौशल्य’ या संस्कृत ग्रंथात अनेक खेळ वर्णिले; त्या नियमांचा उपयोग जुने पट समजून घेताना जरूर होतो, परंतु ते त्या काळचे नियम आहेत आणि तेवढाच त्यांचा अधिकार आहे.

दिसते त्यावरून न दिसणाऱ्या नियमांचा तर्क करण्याची ही सवय आजच्या व्हिडिओ गेमच्या जगातही जोमात आहे. गेम बाजारात येण्यापूर्वी तिची झलक दाखवणारी छोटी चित्रफीत, म्हणजे ट्रेलर, प्रसिद्ध होते, आणि खेळाडू तिची एकेक चौकट थांबवून पाहतात: कोपऱ्यातील पट्टी पात्राचे बळ दाखवते की वेळ, दोर वापरून भिंत चढता येईल की ते केवळ कथेतील दृश्य आहे, अशी चर्चा चालते. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीची ‘इंडस बॅटल रॉयल’ ही गेम २०२२ मध्ये जाहीर झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली; मधल्या काळात तिच्याविषयीचे कुतूहल अशाच झलकांवर पोसले गेले. खेळताना टिपलेले दृश्य आणि जाहिरातीपुरते रंगवलेले दृश्य यांत फरक करण्याची जी दक्षता तेथे लागते, तीच उभ्या भिंतीवरच्या पटाबाबत लागते. दोहोंत भेद आहे तो निकालाचा. गेम हाती आली की तर्क खरा की खोटा हे त्याच दिवशी ठरते; नाणेघाटातील पटाविषयीच्या तर्काला असा निकालाचा दिवस नाही.

म्हणून या क्षेत्रात जे दिसले आणि जे मानले ते स्वतंत्रपणे लिहिण्याची शिस्त अनिवार्य ठरते: घरांची संख्या, मापे, खळग्यांची खोली, झीज आणि पृष्ठभाग आडवा की उभा हे एका रकान्यात, आणि खेळाचे नाव व नियम यांविषयीचे अनुमान दुसऱ्यात. त्याचबरोबर नाणेघाटाजवळच्या घाटघरपासून भीमाशंकरच्या बाजूच्या आंबेगावातील गावांपर्यंत ज्यांनी लहानपणी गुरांमागे कातळावर रेघा ओढून खडे मांडले असतील, अशा वृद्धांना त्या खेळांचे नाव, खड्यांची संख्या आणि हरण्याची अट विचारून घेणे हे मोजमापाइतकेच महत्त्वाचे काम आहे. कातळाची मापे पुढच्या पिढीलाही घेता येतील. ही तीन उत्तरे मात्र आजच विचारावी लागतील.