सिंहगडावरची रात्र कोणत्या रंगाची?

मागच्या शनिवारी पोलादपूरहून उमरठला जाऊन आलो. तानाजी आणि शेलारमामांच्या समाध्या तिथे आहेत. सोबत बारा वर्षांचा भाचा होता. समाधीसमोर उभा राहून म्हणतो, "मामा, त्या रात्री सगळं निळं दिसत असेल ना?" त्याने 'तान्हाजी' (२०२०) पाच-सहा वेळा बघितलाय. निळी रात्र, भगव्या मशाली. त्याच्या डोक्यात आता हाच इतिहास.

पण निळी रात्र आजची नाही. मूकपटांच्या काळी फिल्म इतकी मंद असायची की अंधारात चित्रण जवळपास अशक्य. मग प्रसंग भर उन्हात घ्यायचा, फिल्म निळ्या रंगात बुडवायची आणि प्रेक्षकाने तिला रात्र समजायचं! कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी १९२३ साली ह. ना. आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून 'सिंहगड' काढला, तेव्हा रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे लावले. भारतातला असा पहिला प्रयोग म्हणून त्याचं नाव घेतात. पेंटर मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. उजेडापेक्षा सावली कुठे पाडायची हे त्यांना नेमकं कळत असणार. आमच्या भाषेत सांगायचं तर, आउटपुटला फिल्टर लावायचं सोडून त्यांनी इनपुटच बदललं. त्यात शेलारमामा झालेल्या शांतारामबापूंनी पुढे १९३३ साली 'प्रभात'साठी बोलका 'सिंहगड' केला.

खरी गंमत मात्र सभासदाच्या बखरीत आहे. घोरपड पोवाड्यातली, बखरीत मावळे वानरासारखे कडा चढतात. तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडतात, सूर्याजी गड घेतो, मग पागेची घरं पेटवतात आणि तो उजेड राजगडावर महाराजांना दिसतो. गड फत्ते झाला हे त्यांना कळतं. तानाजी गेला, हे दुसऱ्या दिवशी.

आता हे एडिटिंग टेबलावर ठेवून बघा. आग आधी आणि मृत्यू नंतर दाखवला, तर आग म्हणजे विजय. मृत्यू आधी दाखवला, तर तीच आग चितेसारखी दिसते, आणि राजगडावरचा आनंद बघवत नाही. शॉट तेच, फक्त क्रम बदलला. सभासदाने दुसरा क्रम निवडला, तोही सतराव्या शतकात. मला तरी त्यापुढे सगळे व्हीएफएक्स फिके वाटतात.

बरं, त्या रात्रीचा उजेड काढता येतो. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार, तोही अर्धाच. तोवर मिट्ट काळोख.

तानाजीचा देह ज्या वाटेने कोकणात उतरवला तिला मढे घाट म्हणतात, अशी इकडची आठवण. मला तो प्रवास पडद्यावर बघायचाय. संगीत नको, फक्त पावलं.

परतताना महाडच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि हेडलाइट बंद केले. बराच वेळ काहीच दिसेना. मग हळूहळू डोंगराची कड उमटली.

"निळं नाहीये," भाचा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मामा, लाइट लाव ना."