पाटाकाठची टाचणी

खानदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाळा सरल्यावर संथ, गवताळ पाणी येथे निसर्गतः थोडेच उरते, आणि जे उरत आले त्यातला मोठा वाटा माणसाने अडवलेल्या पाण्याचा आहे. टाचणीचा, म्हणजे बसताना पंख पाठीवर मिटून घेणाऱ्या, चतुराच्या गणातल्या नाजूक कीटकाचा, या प्रदेशातील इतिहास म्हणूनच बंधाऱ्यांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

'ॲग्रिओक्नेमिस पिग्मिया' ही कीटकशास्त्रज्ञ राम्ब्यूर यांनी १८४२ मध्ये वर्णिलेली टाचणीची जात जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची असते. ती पाणथळीतल्या गवताच्या बुडाशी, जमिनीलगत उडते, त्यामुळे भारतभर आढळत असूनही क्वचितच नजरेस पडते. नराच्या काळ्या-हिरव्या देहाचे टोक विटकरी असते, तर कोवळ्या माद्यांपैकी काही लालभडक असून वयपरत्वे हिरवट होतात. भारतीय वैद्यकीय सेवेतील फ्रेडरिक फ्रेझर यांनी टाचण्यांचा सविस्तर परिचय १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथखंडात करून दिला.

त्या ग्रंथाच्या कितीतरी आधी, आजपासून तीन-चार शतकांपूर्वीपासून, धुळ्याच्या पांझरा नदीवर फडपद्धती नांदत होती. नदीत दगडी बंधारा घालून पाणी कालव्यात वळवायचे, तेथून चाऱ्यांनी ते फडात, म्हणजे एकाच पिकाखालच्या सलग शेतजमिनीत, न्यायचे आणि वाढावा सांडमातून, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेने, पुन्हा नदीत सोडायचा, अशी ही व्यवस्था होती. पाणी देणारा पाटकरी, त्यावर देखरेख ठेवणारा हवालदार आणि पिकाची राखण करणारा जागल्या हे गावानेच नेमलेले असत. बंधाऱ्यामागे साचलेले पाणी, पाझरणारी चारी आणि सांडमाच्या तोंडाशी वाढलेले लव्हाळे यांनी टाचणीला नेमके हवे ते दिले, कारण मादी अंडी पाणवनस्पतींच्या देठात खुपसते आणि पिल्ले पाण्यातच डासांच्या अळ्यांसारखे बारीक जीव खाऊन वाढतात. फडाचा इतिहास लिहिताना त्यातल्या उसाबरोबर या लव्हाळ्याचीही नोंद व्हायला हवी.

पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि अनेक फडांचे पाणी आटले. जळगावकडे मात्र तापीवरील हतनूर धरणाच्या जलाशयात गाळ साचत गेला आणि तापी-पूर्णेच्या संगमाकडील उथळ काठांवर पाणवनस्पती माजल्या. फडांच्या पाटांना, म्हणजे कालव्या-चाऱ्यांना, सिमेंटचे अस्तर केल्यास गळती थांबते, पण टाचणीला अंड्यांसाठी लागणारे देठ रुजायला काठ उरत नाही.