म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था आणि एकेका पेशीचे वाचन

* म्हैसूरची संस्था : मानसगंगोत्री परिसरातील ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग’ (‘आयश’), स्थापना १९६५. अशा संस्थेत होणाऱ्या श्रवण-तपासणीत काही वेळा अंतःकर्णातील बाह्य केशपेशींचा प्रतिसाद ठीक येतो, पण मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाचा आलेख उमटत नाही. असे होण्याचे एक कारण म्हणजे ओटोफर्लिन जनुकातील दोष. आतल्या केशपेशींनी ध्वनीचा संदेश चेतातंतूंना द्यायचा, तो याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या आधारे. कोणते जनुक कोणत्या पेशीत चालू असते, हे एकपेशीय अनुक्रमणाने नेमके कळते. माणसाच्या एका कानात केशपेशी जेमतेम १५ हजार. सगळी ऊती एकत्र करून तपासली तर त्यांची माहिती इतर पेशींच्या गर्दीत हरवते. म्हणून पेशी सुट्या करून प्रत्येकीतील आरएनएला वेगळा बारकोड जोडतात आणि मग वाचन करतात. या पद्धतीने २०१८ साली उंदरांत दिसले, की एकाच प्रकारच्या मानलेल्या मुख्य श्रवण-चेतापेशींत तीन उपप्रकार आहेत. जिवंत माणसाच्या अंतःकर्णाचा नमुना श्रवणाला धोका न पोचवता काढता येत नाही. त्यामुळे असे नकाशे बहुतांशी उंदरांवरून बेतलेले आहेत. पेशीनिहाय माहितीचा उपयोग उपचारातही आहे : ओटोफर्लिनचे निर्दोष जनुक कानात सोडल्यावर काही बहिऱ्या मुलांना ऐकू येऊ लागल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये चीनमधून प्रसिद्ध झाले. – संपादक