शपथेवर खोटं बोललं तर किती शिक्षा होते? टिळकांवरच्या खटल्यापासून आजच्या कायद्यापर्यंत

गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. 1897 आणि 1908 चे राजद्रोहाचे खटले, मंडाले, ‘केसरी’तले अग्रलेख हे सगळं शाळेपासून पाठ असतं. पण टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचाही खटला चालला होता, त्यात ते खाली दोन कोर्टांत दोषी ठरले होते आणि शेवटी मुंबई हायकोर्टाने त्यांना सोडलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. इतिहासात तो ‘ताई महाराज प्रकरण’ म्हणून ओळखला जातो.

आज कुणावर खोटी केस पडली किंवा एखादा साक्षीदार फिरला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘खोटं बोलणाऱ्याला आत का टाकत नाहीत?’ कायद्यात शिक्षा आहे, आणि चांगली कडक आहे. पण तिथपर्यंत जायची वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली आहे. ती तशी का आहे, हे टिळकांच्या केसवरून जितकं नीट कळतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशावरून कळेल.

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित हे टिळकांचे स्नेही. ऑगस्ट 1897 मध्ये ते कॉलऱ्याने गेले. मृत्यूपत्रात त्यांनी इस्टेटीची व्यवस्था बघायला जी मंडळी नेमली होती त्यांत टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. मागे राहिल्या त्यांच्या तरुण पत्नी ताई महाराज. त्यांना मुलगा झाला, पण तो लवकरच वारला. मग मृत्यूपत्राप्रमाणे दत्तक घेण्याचं ठरलं. जून 1901 मध्ये औरंगाबादला, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेण्यात आला, असं टिळकांचं म्हणणं. पुढे ताई महाराजांनी हे दत्तकविधान नाकारलं आणि ऑगस्टमध्ये बाळा महाराजांना दत्तक घेतलं. टिळकांना इस्टेटीच्या कारभारातून काढावं म्हणून त्या पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडेही गेल्या.

हा वाद दिवाणी होता. पण न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी एप्रिल 1902 मध्ये निकाल देताना टिळकांच्या विरोधात नुसता निष्कर्ष काढला नाही, तर त्यांच्यावर फौजदारी कारवाईचा आदेश दिला. आरोपांची यादी लांबलचक होती: खोटी फिर्याद करणं, हिशेबात भर घालून खोटा पुरावा तयार करणं, दस्तऐवजात फेरफार, तो खरा म्हणून वापरणं आणि शपथेवर खोटी साक्ष. खोटी साक्ष, खोटा आरोप, पुराव्यात ढवळाढवळ हे तिन्ही गुन्हे एकाच माणसावर, एकाच आदेशात.

प्रत्यक्षात खटला उभा राहिला तो खोट्या साक्षीचा. 24 ऑगस्ट 1903 रोजी मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनी टिळकांना 18 महिने सक्तमजुरी आणि 1000 रुपये दंड ठोठावला. सेशन्स जज ल्यूकस यांनी अपिलात शिक्षा 6 महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. टिळकांची रवानगी येरवड्याला झाली. काही दिवसांनी जामीन मिळाला आणि 4 मार्च 1904 रोजी मुंबई हायकोर्टात, फोर्टमधल्या आजच्याच इमारतीत, मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी त्यांना निर्दोष सोडलं.

दिवाणी दावा तर पुढे कित्येक वर्षं चालला. 1915 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचं दत्तकविधान खरं झालं होतं असं मान्य केलं. त्या निकालातला एक मुद्दा भारतातली कोर्टं आजही सांगतात: साक्षीदार एखाद्या बाबतीत खोटं बोलतोय असं म्हणायचं असेल, तर ती बाब उलटतपासणीत त्याच्यासमोर ठेवायला हवी, खुलाशाची संधी द्यायला हवी. नंतर मागून ‘हा खोटारडा आहे’ म्हणता येत नाही.

ज्या तरतुदीखाली टिळकांवर खटला चालला ते भारतीय दंड विधानाचं कलम 193. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 229 आलं, पण मुख्य शिक्षा तीच राहिली. कोर्टाच्या कामकाजात जाणूनबुजून खोटी साक्ष दिली किंवा खोटा पुरावा तयार केला तर 7 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. कोर्टाबाहेर, पण कायद्याने शपथ बंधनकारक असलेल्या ठिकाणी असेल तर 3 वर्षांपर्यंत.

कुणाला फाशी व्हावी या हेतूने खोटी साक्ष दिली तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. आणि त्या साक्षीमुळे निरपराध माणूस खरोखर फासावर गेला असेल, तर खोटं बोलणाऱ्यालाही फाशी होऊ शकते (कलम 230). जन्मठेपेच्या किंवा 7 वर्षं व त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्यात कुणाला अडकवायला खोटी साक्ष दिली, तर त्या गुन्ह्याला जी शिक्षा तीच खोटं बोलणाऱ्याला (कलम 231). जे दुसऱ्यावर ढकलायला गेला ते आपल्याच गळ्यात.

साक्ष म्हणजे फक्त पिंजऱ्यात उभं राहून बोललेलं नव्हे. प्रतिज्ञापत्रही शपथेवरच असतं. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात पागडीच्या खोल्यांचे दावे वर्षानुवर्षं चालतात. गिरगावातली चाळ असो की लालबागची, ‘मी इथेच राहतो, दुसरीकडे घर नाही’ असं प्रतिज्ञापत्रावर लिहून देताना अनेकांना ते नुसतं कागदावरचं वाक्य वाटतं. ते खोटं आहे हे माहीत असून सही केली, तर तो याच कलमातला गुन्हा आहे.

चुकून झालेली गोष्ट मात्र यात येत नाही. तारीख विसरली, रंग चुकीचा सांगितला, दहा वर्षांपूर्वीचा प्रसंग नीट आठवला नाही, याला खोटी साक्ष म्हणत नाहीत. बोलताना आपण खोटं बोलतोय हे माहीत असायला हवं.

मग तक्रार कुठे करायची? पोलीस ठाण्यात नाही. समोरच्याने कोर्टात खोटं सांगितलं म्हणून दादर किंवा काळाचौकीच्या पोलिसांकडे जाऊन एफआयआर होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 215 प्रमाणे, ज्या कोर्टात खोटं बोललं गेलं त्याच कोर्टाची (किंवा त्याच्या वरच्या कोर्टाची) लेखी तक्रार लागते. त्यासाठी कलम 379 खाली अर्ज करायचा. कोर्ट गरज वाटली तर प्राथमिक चौकशी करतं, आणि कारवाई करणं न्यायाच्या हिताचं आहे असं वाटलं तरच प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटकडे तक्रार पाठवतं. खोटं दिसलं म्हणून कोर्टाने दर वेळी खटला भरलाच पाहिजे असं नाही. अर्ज फेटाळला तर कलम 380 प्रमाणे वरच्या कोर्टात अपील आहे.

हे वाचून चीड येणं साहजिक आहे. पण दार उघडं असतं तर प्रत्येक हरलेला पक्षकार जिंकलेल्याच्या साक्षीदारांवर दुसऱ्या दिवशी खटला घालून मोकळा झाला असता, आणि साक्ष द्यायला कुणी पुढे आलं नसतं. अ‍ॅस्टन यांनी जो अधिकार वापरला तो तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 476. आजचं कलम 379 त्याचंच वंशज. म्हणजे कोर्टाच्या हातात किल्ली ठेवूनही दोन वर्षं एका माणसाला खोटारडेपणाचा शिक्का घेऊन फिरावं लागलं. किल्ली सगळ्यांच्या हातात दिली तर काय होईल, याचा अंदाज त्यावरून करावा.

खोटी साक्ष उघड असेल तर एक जवळची वाटही आहे. कलम 383 खाली सेशन्स कोर्ट किंवा प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट त्याच खटल्याचा निकाल देताना साक्षीदाराला नोटीस देऊन थोडक्यात सुनावणी घेऊ शकतात. शिक्षा मात्र 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, इतकीच.

खोट्या तक्रारीचं गणित वेगळं आहे. पोलिसांना खोटी माहिती देऊन कुणाला त्रास द्यायचा प्रयत्न केला तर कलम 217 प्रमाणे 1 वर्षापर्यंत कैद. कुणावर जाणूनबुजून खोटा फौजदारी आरोप केला तर कलम 248 प्रमाणे 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड. आरोप फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल आणि त्यावरून कारवाई सुरू झाली असेल, तर 10 वर्षांपर्यंत. जुन्या दंड विधानात हेच आकडे 2 आणि 7 होते. नव्या कायद्यात वाढले आहेत.

महाराष्ट्रात यासाठी एक शब्द कानावर पडतो, ‘बी समरी’. तपास करून पोलीस केस बंद करतात तेव्हा कोर्टाला अहवाल देतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही, तर ‘ए समरी’. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून तक्रार झाली, तर ‘सी समरी’. आणि तक्रार द्वेषबुद्धीने, खोटी केली होती, तर ‘बी समरी’. कोर्टाने बी समरी मान्य केली की तक्रारदारावर कारवाईचा रस्ता खुला होतो. त्याआधी तक्रारदाराचं म्हणणं ऐकलं जातं, आणि तो विरोध करू शकतो.

सोशल मीडियावर सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. आरोपी निर्दोष सुटला म्हणजे तक्रार खोटी होती, असं नाही. पुरावा कमी पडला, साक्षीदार फिरला, संशयाचा फायदा मिळाला, तरी आरोपी सुटतो. तक्रारदाराला शिक्षा व्हायची तर तिने किंवा त्याने खोटं आहे हे माहीत असून, समोरच्याला अडकवायला तक्रार केली, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. पोक्सो कायद्यात मुलांवरच्या गंभीर लैंगिक गुन्ह्यांबाबत खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला 6 महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, पण मुलाने दिलेली माहिती खोटी निघाली तर त्या मुलाला शिक्षा नाही. कायद्याने हा फरक विचारपूर्वक केला आहे.

पुरावा नष्ट करणं हा तिसरा प्रकार. गुन्हेगाराला वाचवायला पुरावा गायब केला तर कलम 238. मूळ गुन्हा फाशीच्या शिक्षेचा असेल तर पुरावा गायब करणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत; जन्मठेपेचा किंवा 10 वर्षांपर्यंतच्या कैदेचा असेल तर 3 वर्षांपर्यंत; त्याहून लहान असेल तर मूळ शिक्षेच्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश. रक्त पुसणं, कपडे जाळणं हे त्यातलंच. पण आता पुरावा बहुतेक वेळा फोनमध्ये आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीत असतो. कोर्टात सादर होऊ नये म्हणून कागद किंवा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट केलं तर कलम 241 प्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद. डीव्हीआर फॉरमॅट करणं, केस होणार हे कळल्यावर व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण उडवणं हे त्याखाली येऊ शकतं. उलट, एडिट केलेला स्क्रीनशॉट खरा म्हणून कोर्टात दिला तर तो ‘खोटा पुरावा तयार करणं’, म्हणजे पुन्हा 7 वर्षांचं कलम. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. फाईलमध्ये नंतर एक अक्षर बदललं तरी ती व्हॅल्यू बदलते.

राहिला प्रश्न फितूर साक्षीदाराचा, आणि त्यासाठी लालबागपासून फार लांब नसलेल्या माझगावला यावं लागतं. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत 1 मार्च 2002 रोजी 14 जण मारले गेले. मुख्य साक्षीदार झाहिरा शेख कोर्टात फिरली आणि 2003 मध्ये सर्व 21 आरोपी सुटले. मग तिने मुंबईत येऊन सांगितलं की धमक्यांमुळे खोटं बोलले. 12 एप्रिल 2004 रोजी सुप्रीम कोर्टाने खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला सांगितला आणि तो माझगावच्या विशेष न्यायालयात न्यायाधीश अभय ठिपसे यांच्यासमोर आला. तिथे ती पुन्हा फिरली. 24 फेब्रुवारी 2006 रोजी 9 जणांना जन्मठेप झाली आणि झाहिरासह तिच्या घरच्यांना खोट्या साक्षीबद्दल नोटिसा निघाल्या. 8 मार्चला सुप्रीम कोर्टाने तिला 1 वर्ष साधी कैद आणि 50,000 रुपये दंड केला. ही शिक्षा मात्र खोट्या साक्षीच्या कलमाखाली नव्हती, कोर्टाच्या अवमानाची होती. 2012 मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या 9 पैकी 4 जणांची जन्मठेप कायम ठेवली, 5 जणांना सोडलं.

फितूर झालेला प्रत्येक साक्षीदार या कलमांत अडकत नाही, त्याला एक तांत्रिक कारण आहे. पोलिसांना दिलेला जबाब शपथेवर नसतो आणि त्यावर सहीही घेत नाहीत. ‘मी असं बोललोच नव्हतो’ असं कोर्टात म्हटलं तर केवळ त्या जबाबावरून खोटी साक्ष सिद्ध होत नाही. म्हणून गंभीर गुन्ह्यांत महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब कलम 183 खाली मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर घेतला जातो. नंतर कोर्टात त्याच्या अगदी उलट बोललं, तर दोन्ही विधानं शपथेवरची, आणि त्यातलं एक खोटं असणारच.

साक्षीदाराला धमकावून खोटं बोलायला लावणाऱ्यासाठी कलम 232 आहे: 7 वर्षांपर्यंत कैद. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे इथे थेट पोलिसांकडे जाता येतं. शिवाय 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेप्रमाणे धोका असलेला साक्षीदार जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. पोलीस धोक्याचा अहवाल देतात आणि त्यावरून बंदोबस्त, कोर्टापर्यंत ने-आण, ओळख लपवणं किंवा राहण्याची जागा बदलणं यांपैकी काय द्यायचं ते ठरतं. अर्ज साक्षीदाराच्या घरचे किंवा त्याचा वकीलही करू शकतात.